भौतिकोपचाराची विद्या आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस अशी आज्ञा केली की, गुणगौरवाच्या प्रसंगी विद्यार्थ्यांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात. उपदेश करण्यात आमची सारी उमर शाळेत गेली, आणि त्याचा उपयोग कितपत होतो हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून उपदेश बाजूस ठेवून एका विवक्षित विद्येविषयी बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. तिला मराठीत भौतिकोपचार म्हणतात. आपण सर्वजण फिजिओथेरपी म्हणतो. हा विषय निवडण्यास कारणही तसेच घडले. मंडळाच्या शिक्षणनिधीकडे यंदा या अभ्यासक्रमास जाणाऱ्या दोन मुलींचे अर्ज आले आहेत. निधीच्या नियमांत 'वैद्यकीय व अभियांत्रिकी' असे शब्द आहेत. तेव्हा हा अभ्यासक्रम वैद्यकीय मानावयाचा की नाही, अशी शंका निघून ते अर्ज अनिर्णित राहिले. शंका घेणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. परंतु शंका घ्यावयाची तर आधी ती विद्या काय आहे हे कळले पाहिजे. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. शास्त्रातले जे सांगू ते आमच्या हाताखालून गेलेल्या मुलींकडून ऐकलेले व त्यांनी दिलेली पुस्तके शब्दकोश घेऊन वाचलेले आहे.

आमच्या वयाच्या मंडळींना एक गोष्ट आठवत असेल. आमच्या बालपणी प्रत्येक गल्लीत एखादे तरी मूल पोलिओने अधू झालेले असे. कोणाच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचे बूट असत, कोणी हाताने गुडघा दाबून चाले. आमच्या वर्गातला एक मुलगा तर दोन्ही पायांनी अधू होता. त्याला त्याचा थोरला भाऊ पाठुंगळीस घेऊन शाळेत आणी. तो पुढे जाळी विणण्यात असा तरबेज झाला की दुरून लोक त्याच्याकडे काम घेऊन येत. देवीचा कोप म्हणून ज्याच्याकडे त्या काळी पाहिले जाई, त्या रोगाच्या पोटीच या विद्येचा आपल्या देशात जन्म झाला. १९४९ ते १९५१ च्या सुमारास मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. मुले वाचली, पण पाय लुळे पडले. औषधाने जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. उरलेल्या स्नायूंना कामास लावावयाचे, आखडणारे सांधे मोकळे ठेवावयाचे, मुलाला पुन्हा उभे करावयाचे, हे काम कोणी करावे? ते शिकलेली माणसे आपल्याकडे नव्हती. तेव्हा सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराची शाळा निघाली. देशातील ही पहिली शाळा. आरंभी तेथे पदविका मिळे, पुढे पदवी झाली. १९५५ साली हाजी अली येथे अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली, आणि त्याच साली या व्यवसायातील मंडळींनी आपली भारतीय संघटनाही स्थापन केली.

के. ई. एम. मध्येच त्याआधी, १९५० साली, व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली होती. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्न करून निंबकरांच्या घरी आल्या आणि इथल्याच झाल्या. दोन्ही विद्या शेजारच्या, पण एक नव्हेत, आणि आपल्या पालकांचा त्यांत नेहमी घोटाळा होतो. अर्धांग झालेल्या बाईचा हात खांद्यापासून उचलला जावा, पाय जमिनीवर ठाम पडावा, हे भौतिकोपचाराचे काम. त्याच हाताने तिला लुगडे नेसता यावे, भाकरी थापता यावी, बटण लावता यावे, हे व्यवसायोपचाराचे. आपल्या मुलांना दोन्ही दारे उघडी आहेत, आणि दुसऱ्या दाराशी गर्दी कमी असते हेही सांगून ठेवतो.

बाहेरच्या जगात ही विद्या याहून जुनी. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली व्यायामाची राजमान्य संस्था काढली. इंग्लंडात १८९४ साली चार परिचारिकांनी एकत्र येऊन या व्यवसायाची संघटना बांधली. कारण मालिशीच्या नावाखाली तेव्हा नाही ते धंदे चालत, आणि प्रामाणिक स्त्रियांना आपले नाव त्यांपासून वेगळे राखावयाचे होते. ऑस्ट्रेलियातील सिस्टर केनी यांनी पोलिओच्या मुलांचे पाय फळीला बांधून ठेवण्याची पद्धत सोडून गरम लोकरीच्या पट्ट्या व हालचाल यांचा आग्रह धरला, तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांची थट्टा केली. पुढे त्यांच्या पद्धतीचे पुष्कळ काही स्वीकारावे लागले. ज्या रोगाने या विद्येला आपल्याकडे आणले तो गेला. भारतातील पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यास आढळला व २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरीही विद्येचे काम घटले नाही, वाढले; कारण माणसे अधिक जगू लागली, आणि अधिक वर्षे जगणाऱ्या माणसाचे गुडघे, कंबर व मेंदूच्या शिरा त्याच्याबरोबर म्हाताऱ्या होतात.

आता विद्यार्थिदशेकडे वळतो. आमच्याकडे चौथीपर्यंत शिकलेली एक मुलगी आज या व्यवसायात आहे. तिची परवानगी घेतली आहे. नाव सांगू नये एवढी तिची अट. वडील बोटीवर, आई बाजारात मासळी घेऊन बसणारी. बारावीला गुण चांगले, परंतु डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत म्हणजे नीटमध्ये एम. बी. बी. एस. च्या यादीपर्यंत पोचले नाहीत. घरात दोन तट पडले. मामा म्हणे आणखी एक वर्ष घरी बसवून परीक्षा द्यावी; आजी म्हणे लग्न करावे. मुलीने स्वतः फिजिओथेरपीच्या जागेसाठी पसंती भरली. आजीने विचारले, "काय गो, मालीश शिकाला पाच वरसां?" या प्रश्नावर सारे घर हसले खरे, पण तोच प्रश्न, थोड्या बऱ्या भाषेत, आपल्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीतही निघाला, म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे.

पाच वर्षे कशासाठी? पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. रचनेचा अभ्यास पुस्तकातून होत नाही, प्रेतावर होतो. शिवाय हाडे घरी आणून पाठ करावी लागतात, प्रत्येक खाच, प्रत्येक उंचवटा, कोणता स्नायू कोठे चिकटतो ते सारे. आता कोळीवाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे देव्हारा आणि झोपण्याची जागा यांत चार हातांचे अंतर, तिथे माणसाच्या मांडीचे हाड ठेवावयाचे कोठे? आजीने उंबरठ्याच्या आत येऊ दिले नाही. शेवटी ती पेटी वसतिगृहात राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या खाटेखाली राहिली, आणि आपली मुलगी रात्री आठपर्यंत तिच्याकडे बसून पाठ करून घरी येऊ लागली. वेसाव्याहून परळ गाठावयाचे म्हणजे घरून बस वा रिक्षा, पुढे मेट्रो किंवा बस धरून अंधेरी, तेथून पश्चिम रेल्वेने प्रभादेवी, म्हणजे आपल्या वेळचे एल्फिन्स्टन रोड, आणि पुढे पायी. सकाळच्या गाडीत उभे राहण्यास जागा मिळाली तरी भाग्य. पुस्तक उघडण्याची गोष्टच नको. तिने मोबाइलवर स्वतःच्याच आवाजात पाठ भरून ठेवले होते, ते ती कानात ऐके.

इंग्रजीचा प्रश्न याहून कठीण होता. मराठी शाळेतून आलेल्या मुलांस पहिले सहा महिने वर्गात काय चालले आहे याचा निम्मा बोध होत नाही, आणि तेवढ्यात पहिली चाचणी येते. आम्ही मातृभाषेच्या शिक्षणाचे कट्टर अभिमानी आहोत व राहू. परंतु सातवी-आठवीपासून इंग्रजी वाचनाची सवय लावण्यात आपण पालक व आम्ही शिक्षक आळस करतो, त्याची किंमत मुले परळला जाऊन मोजतात. या मुलीने घराच्या भिंतीवर खडूने हाडांची नावे देवनागरीत लिहिली: ह्युमरस, रेडिअस, फीमर, टिबिआ. तिच्या आईस ती नावे आजही येतात.

दुसऱ्या वर्षापासून रोगशास्त्र, औषधशास्त्र, आणि मुख्य म्हणजे व्यायामचिकित्सा व विद्युत्चिकित्सा. हे विद्यार्थी एकमेकांच्या अंगावर शिकतात. एकीने खाटेवर पडावयाचे, दुसरीने तिच्या खांद्याचा सांधा बोटांनी शोधावयाचा. येथे आम्हां शिक्षकास फार आवडलेली गोष्ट सांगतो. स्नायूचे बळ हे शून्य ते पाच अशा अंकांनी मोजतात. काहीच हालचाल नाही, तर शून्य. स्नायू नुसता लवला, अवयव हलला नाही, तर एक. अवयव हलतो पण वजन उचलून नव्हे, आडवा सरकवला तरच, तर दोन. स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला, तर तीन. वरून हाताने दाबले असता थोडा तग धरला, तर चार. पूर्ण जोर, तर पाच. आपण म्हणतो, 'पाय जरा बरा आहे.' जरा म्हणजे किती? ही मुले ते अंकात सांगतात, आणि पंधरा दिवसांनी दोनाचे तीन झाले की नाही हे ताडून पाहतात. सांधा किती वळतो तेही कोनमापकाने अंशात मोजतात. आमच्या कंपासपेटीतल्या अर्धवर्तुळाला दोन लांब पाते लावावे तसे ते साधन असते. निरोगी खांद्यातून हात बाजूने वर नेला तर १८० अंश होतात. गुडघा सुमारे १३५ अंशांपर्यंत वाकतो, आणि पूर्ण उकिडवे बसावयाचे तर त्याहूनही अधिक वाकावा लागतो. हे वाक्य आमच्या मासळी निवडणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याच्याशी काम आहे.

शेवटच्या वर्षांत मुले रोग्यांजवळ असतात. अर्धांगाचे रोगी, हाड मोडलेले, मेंदूला जन्मतः इजा झालेली लहान मुले, आणि अतिदक्षता विभागातील श्वास कोंडलेले रोगी, ज्यांच्या छातीतला कफ सुटावा म्हणून त्यांना कुशीवर वळवावयाचे, श्वासाचे व्यायाम द्यावयाचे. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा रोग्याला पालथे निजवून प्राणवायू वाढविण्याचे काम आपण वर्तमानपत्रात वाचले. त्या खोल्यांत हीही मुले-माणसे उभी होती. नंतर आंतरवासिता. आजवर चार वर्षे शिक्षण व सहा महिने आंतरवासिता असा क्रम होता. केंद्राच्या २०२१ सालच्या कायद्याने जो राष्ट्रीय आयोग झाला, त्याने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासक्रमात हा काळ पाच वर्षांचा सांगितला आहे. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि व्यवसायासाठी राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आवश्यक. तो कायदा २००२ सालचा. ज्या शिक्षणाला विद्यापीठ आरोग्यशास्त्राचे आहे, प्रवेश नीटमधून आहे आणि नोंदणी कायद्याने आहे, ते वैद्यकीय नव्हे असे म्हणण्यास आम्हांस तरी आधार दिसत नाही.

'डॉक्टर' हा शब्द नावामागे लावावा की नाही, हा वाद निराळा. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने तो लावू नये असे पत्र काढले, आणि लगेच ते मागेही घेतले. मोठमोठ्या माणसांना एका दिवसात जे ठरवता आले नाही ते आपण आपल्या नियमावलीत ठरवण्याची घाई करू नये. शब्दासाठी भांडणाऱ्या दोन्ही पक्षांविषयी आम्हांस फारशी आस्था नाही. रोगी उठून चालला म्हणजे तो बरोबर हाक मारतो.

पदवीनंतरची दोन-तीन वर्षे ही खरी कसोटी. याविषयी उघड बोलणे जरूर आहे, कारण पालकांची समजूत अशी की पदवी झाली म्हणजे पैसा सुरू झाला. आमच्या या मुलीला पहिली नोकरी एका खासगी दवाखान्यात मिळाली. सकाळी नऊ ते रात्री आठ, मध्ये तीन तास मोकळे, ते घरी येण्याजोगेही नाहीत. एका वेळी चार-चार रोगी; एकाला यंत्र लावून दुसऱ्याकडे धावावयाचे. महिन्याच्या शेवटी हातात येई ते तिच्या आईच्या हंगामातल्या एका चांगल्या आठवड्याच्या कमाईहून फारसे अधिक नसे. आईने एकदाही टोमणा मारला नाही, गल्लीने मारले. यंत्रांविषयी तिचे मत आम्ही येथे नमूद करतो, कारण आपण सर्वजण रोगी म्हणून तेथे जातो. शेक देणारे, विजेच्या लहरी देणारे यंत्र दुखणे तात्पुरते निववते, आणि त्याचा उपयोग आहेच. परंतु स्नायूत बळ यंत्राने येत नाही, रोग्याने स्वतः केलेल्या व्यायामाने येते. जो दवाखाना दहा दिवस नुसते यंत्र लावून पैसे घेतो व घरी करावयाचा एकही व्यायाम शिकवीत नाही, तो बदलावा.

वर्षभराने तिने ती नोकरी सोडली आणि घरी जाऊन उपचार देण्याचे काम धरले. येथे तिच्या वडिलांचा विरोध झाला, आणि तो आम्हांस समजतो. तरुण मुलीने परक्याच्या घरात एकटीने जावे, हे कोणत्या बापास रुचेल? त्यावर त्यांनी मिळून तोडगा काढला. पहिल्या भेटीस धाकटा भाऊ बरोबर जाई. घरात दुसरी बाई असल्याखेरीज काम घ्यावयाचे नाही. डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याखेरीज हात लावावयाचा नाही. आज तिची बहुतेक कामे यारी रोड व लोखंडवाला येथील इमारतींत आहेत. आपल्या गावाभोवती जे मनोरे उभे राहिले, त्यांत कितीतरी वृद्ध माणसे एकटी राहतात, मुले परदेशी. तिची आई वीस वर्षे त्यांतल्याच काही इमारतींत पाटी घेऊन जात आली आहे. पाटी घेऊन गेले म्हणजे पहारेकरी मागच्या लिफ्टकडे बोट दाखवतो. मुलगी पुढच्या लिफ्टने जाते. एकदा दोघी एकाच वेळी एकाच इमारतीत आल्या, तेव्हा मुलगी आईबरोबर मागच्या लिफ्टने गेली, एवढेच तिने आम्हांस सांगितले.

इतरही वाटा आहेत. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करून शिकविण्याकडे जाता येते. खेळाडूंच्या संघांबरोबर, विशेष मुलांच्या शाळांत, मोठ्या रुग्णालयांत कामे असतात. परदेशी जाण्याचे वेड मात्र डोळे उघडे ठेवून धरावे. इंग्लंडात तेथील नोंदणी मंडळाकडे नाव दाखल झाल्याखेरीज काम करता येत नाही, आणि अमेरिकेत या व्यवसायाचे मूळ शिक्षणच आता डॉक्टरेटच्या पातळीचे झाले आहे, त्यामुळे आपली पदवी तपासून घेण्याचा व परीक्षेचा खर्च मोठा असतो. मधला दलाल जे सांगतो त्यावर बोट गहाण टाकू नये. आणखी एक बोलतो, राग मानू नये. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरताना सोयरे विचारतात, "आता नोकरी सोडील ना?" पाच वर्षे तिने केलेला अभ्यास, मंडळाने दिलेली मदत, आईने विकलेली मासळी, हे सारे त्या एका 'ना' मध्ये बुडते. या मुलीच्या बाबतीत ती बोलणी एकदा अशीच फिसकटली. तिच्या आईने ती फिसकटू दिली, हे आम्हांस विशेष वाटते.

आता आपल्या घरच्या दुखण्यांकडे येतो. आपल्या बायका पहाटे धक्क्यावर उतरतात, ओल्यात उकिडव्या बसून बोंबील, जवळा, कोळंबी निवडतात; चुंबळीवर पाटी घेऊन चालतात; बाजारात बीतभर उंच पाटावर दिवस काढतात. पन्नाशीला गुडघे गेले नाहीत अशी बाई आम्हांस गावात दाखवावी. पुरुषांचे खांदे व कंबर दोर ओढून आणि बर्फाचे खोके उचलून जाते. या मुलीने दोन सुट्ट्यांत बाजारात आमच्या भगिनींशेजारी बसून ते पाहिले. तिने सांगितलेला उपाय इतका साधा की पहिल्यांदा सगळ्या जणी हसल्या: पाट उंच करा. गुडघा जितका कमी दुमडेल तितका त्यावरचा दाब कमी. दुसरे असे की गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवून, ती खाली दाबावी, मांडीचा स्नायू घट्ट करून पाच अंक मोजावे व सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. तिसरे, जड पाटी एकटीने जमिनीवरून डोक्यावर घेऊ नये. ओट्यावर ठेवून घ्यावी किंवा दुसरीचा हात घ्यावा. मात्र कंबरेच्या दुखण्याबरोबर पायात बधिरता आली, पाय लटका पडू लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम करीत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कूपर रुग्णालय आपल्याला जवळ आहे.

अर्धांगाविषयीही दोन शब्द. गेल्या पावसाळ्यात आपल्या एका वृद्ध तांडेलांना अर्धांगाचा झटका आला. रुग्णालयातून घरी आल्यावर त्यांना तीन आठवडे गोधडीत गुंडाळून ठेवले, सकाळ-संध्याकाळ तेलमालिश झाली, आणि उठवताना दोघे जण दुबळ्या हाताला धरून ओढीत. प्रेमात काही उणे नव्हते. परंतु पहिले काही महिने हाच सुधारण्याचा मोठा काळ असतो, तो अंथरुणात जातो. पडून राहिलेले सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात, आणि दुबळा हात ओढल्याने खांद्याचा सांधा खाली उतरतो व जन्माचे दुखणे मागे लागते. तेलमालिशीस आमचा विरोध नाही. अंगास बरे वाटते. पण ती चालायला शिकवीत नाही. ही मुलगी तेथे चौथ्या आठवड्यात गेली. आज तांडेल काठी घेऊन बंदरापर्यंत येतात. हात मात्र वर जात नाही.

तेव्हा मंडळाकडे आमचे मागणे काय? त्या दोन अर्जांचा निर्णय अनुकूल व्हावा हे आहेच. त्याबरोबर मदत कोणत्या महिन्यात द्यावयाची याचा विचार व्हावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी. घरात आवक नाही. बंदी उठते, नारळी पौर्णिमा होते, आणि बोट लोटावयाची म्हणजे डिझेल, बर्फ, जाळ्यांची डागडुजी, खलाशांची उचल, सारा खर्च एकदम अंगावर येतो. याच सुमारास प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात व फी एका-दोन दिवसांत भरावी लागते. आपला निधी मात्र दिवाळीनंतर, समारंभ करून, हार घालून वाटला जातो. हार दिवाळीनंतर घालावा, पैसे श्रावण-भाद्रपदात द्यावे. खासगी महाविद्यालयात जागा मिळाली तर फी कितीतरी अधिक असते. शासकीय वा महानगरपालिकेच्या महाविद्यालयांतील, जसे के. ई. एम., नायर, शीव, जागा मिळावी म्हणून पसंतीक्रम भरताना जाणत्या माणसाने शेजारी बसणे हेही एक साहाय्यच आहे, आणि त्यास निधी लागत नाही. ही मुलगी त्यासाठी बसण्यास तयार आहे.

आंतरवासितेचा काळ आणि पदवीनंतरचे पहिले वर्ष यांतही थोडी मदत चालू ठेवावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. मूल पदवी घेते त्या दिवशी आपण त्याला यादीतून काढतो, आणि तेच वर्ष त्याला सर्वांत जड जाते. त्याच वर्षी घाईने नको ती नोकरी धरली जाते किंवा विद्याच सोडली जाते. निधी अपुरा आहे हे आम्ही जाणतो. खजिनदारांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहू नये.

जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र यांविषयी पालकांना सावध करतो. पुष्कळ मुले निकालानंतर धावपळ करतात आणि तोवर फेरी निघून जाते. ज्या प्रवर्गातून अर्ज करावयाचा त्याचे कागद अकरावीतच गोळा करण्यास लागावे: आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जुने जन्म-मृत्यूचे उतारे, सातबारा असेल तर तो. गावातील जुन्या शाळांचे रजिस्टर कोठे पाहावे, कोणाचे नाव कोणत्या आडनावाने लिहिले गेले, हे सांगण्यास आम्ही दर गुरुवारी सायंकाळी मंडळाच्या कार्यालयात बसतो. येताना मूळ कागद आणावे, नुसत्या प्रती नकोत.

शेवटची गोष्ट सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. आमच्या सांगण्यावरून एका सुताराने बाजारात बसण्याचा पाट नेहमीपेक्षा चांगलाच उंच करून दिला आहे. खाली पाय ओले होऊ नयेत म्हणून त्यास रबराच्या चकत्या लावल्या आहेत. मासळी विकणाऱ्या भगिनींनी जाताना त्यावर बसून पाहावे आणि कमी-जास्त काय हवे ते दाराशी उभ्या असलेल्या मुलीस सांगावे. ती उंची वहीत लिहून घेते आहे.